तेवीस आठवडे, चार दिवस

चेक-इन काउंटरसमोर आमच्या पुढे अजून सहा-सात माणसं होती, तेव्हा वैष्णवीने माझ्या ओढणीचं टोक धरलं.

“ताई, सही करायच्या आधी यात काय लिहिलंय ते सांगता का?”

तिच्या हातात हेल्थ डिक्लरेशनचा फॉर्म होता. क्रूझवर चढण्याआधी प्रत्येक प्रवाशाला तो भरावा लागतो. ताप आहे का, उलट्या आहेत का, अलीकडे ऑपरेशन झालंय का, असे साधे प्रश्न असतात. वैष्णवी बी.कॉम. झालेली. इंग्रजी तिला नीट वाचता येत होतं. तिला ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, हे मला थोड्या वेळाने कळलं.

मी वाचून दाखवलं. पाचव्या ओळीशी थांबले. प्रवासातल्या कुठल्याही दिवशी माझ्या गरोदरपणाचे चोवीस आठवडे पूर्ण होत नाहीत, असं तिने लिहून द्यायचं होतं.

“तुला कितवा?”

“सहावा लागला.”

“महिने नको. आठवडे सांग.”

तिने पर्समधून फाइल काढली. सोनोग्राफीच्या कागदावर डॉक्टरांनी धरलेली बाळंतपणाची तारीख होती. मी फोनवर मोजलं. त्या दिवशी तेवीस आठवडे आणि चार दिवस होत होते. आमचा प्रवास चार रात्री, पाच दिवसांचा. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत मुंबई. मधले दोन दिवस नुसतं पाणी. चौथ्या दिवशी, बोट परतीच्या वाटेवर असताना, चोवीस पूर्ण होत होते.

मी पुन्हा मोजलं. उत्तर तेच.

नांदेडला माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे. माझे अब्बा देगलूर नाक्याला बॅगा आणि ट्रंका दुरुस्त करायचे. लोक दुकानात येऊन कुठे जाणार ते सांगायचे, ते ऐकत मी मोठी झाले. हज-उमराह, काशी, केरळ सगळं केलं. क्रूझचे ग्रुप न्यायला लागून तीन वर्षं झाली होती. आमच्या भागात बोटीचा अनुभव कोणाला नसतो, म्हणून मी स्वतः सोबत जाते. मोठी बॅग खाली दिली की ती केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, घरचं जेवण चालत नाही. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून घाम फुटतो. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असलेल्या माणसाकडूनच चूक होते.

हा ग्रुप धर्माबादच्या गंगाधररावांचा होता. मिरचीचे व्यापारी. त्यांची साठी बोटीवर करायची म्हणून मोठा मुलगा ओमकार बुकिंगला आला होता. घरची नऊ माणसं. मी विचारलं होतं, “कोणी प्रेग्नंट आहे का?” तो म्हणाला, “माझी मिसेस. डॉक्टरनं हिंडाफिरायला सांगितलंय.” मी फिट टू ट्रॅव्हल सर्टिफिकेट मागितलं. म्हणजे प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरांचं पत्र. ते व्हॉट्सॲपवर आलं. त्यावर एकोणीस आठवडे लिहिलं होतं. मूळच्या फेरीत शेवटी वीस पूर्ण होणार होते. सगळं नियमात होतं.

मग यार्डात मिरचीची आवक एकदम वाढली आणि गंगाधररावांनी तारीख चार आठवडे पुढे ढकलली. मी केबिन बदलली, रेल्वेचं रिझर्व्हेशन बदललं, केकची ऑर्डरही बदलली. पोटातल्या आठवड्यांचा हिशेब मात्र तसाच राहिला. सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं, म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले.

“ताई,” वैष्णवी हळूच म्हणाली, “बोटीवर दवाखाना असतो का?”

“असतो.”

“त्यात... आधी झालं तर बाळ ठेवायची पेटी असते का?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. बोटीवर मेडिकल सेंटर असतं. डॉक्टर असतो, नर्स असते. बोट लागली, ताप आला, पडून टाके पडले, छातीत दुखलं तर ते माणसाला सांभाळतात. बाळंतपणाची सोय नसते. पेटी नसते. जवळचं मोठं हॉस्पिटल एक दिवस लांब असतं, आणि हेलिकॉप्टर येईलच असं कोणी लिहून देत नाही.

ती रांगेत पुढे सरकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मागच्या खेपेला सहाव्यातच गेलं होतं.”

“हे घरात कोणाच्या डोक्यात नाही?”

“आहे. सगळ्यांच्या आहे. पण मामांची साठी आहे ना. आत्ता मी नको म्हटलं तर सगळ्यांचा विरस. डॉक्टर पण म्हणाले, सगळं चांगलं आहे. मग मीच कशी घाबरट दिसणार?” तिने फाइल पर्समध्ये परत ठेवली. “माझं नाव घेऊ नका ताई. मी काही बोलले नाही.”

आमच्या पुढे आता चार माणसं होती.

मी ओमकारला बाजूला घेतलं आणि आठवड्यांचा हिशेब दाखवला. तो हसला.

“मॅडम, एक-दोन दिवसानं काय होतंय? टिक मारून टाका. तिथं कोण मोजून राहिलंय?”

तो खोटं बोलत नव्हता. काउंटरवर गर्दी होती. सर्टिफिकेटवर डॉक्टरांचा शिक्का होता, फिट हा शब्द होता. तारीख बघून बोटांवर आठवडे मोजायला कोणाला वेळ मिळाला असता की नाही, मला शंका आहे. मी गप्प बसले असते तर बहुतेक आम्ही सगळे बोटीवर गेलो असतो. त्या दोन-तीन मिनिटांत माझ्याही मनात ते येऊन गेलं. एवढ्या शेवटच्या वेळी कॅन्सल केलं की कंपनी काही परत देत नाही. माझं नाव खराब होणार होतं. आणि चूक मूळची माझी होती, ती झाकली गेली असती.

“ओमकार, सही तिची आहे,” मी म्हटलं. “खोटं लिहून दिलं आणि आत काही झालं तर विमासुद्धा हात वर करतो. बोटीच्या डॉक्टरच्या लक्षात आलं तर कॅप्टन पुढच्या पोर्टला उतरवू शकतो. आपलं पुढचं पोर्ट म्हणजे बेट आहे.”

तेवढ्यात गंगाधरराव आले. पांढरा सफारी, कपाळावर सकाळीच लावलेला टिळा.

“काय झालं मॅडम?”

“काका, चूक माझी आहे. तारीख बदलली तेव्हा मी वैष्णवीचे आठवडे पुन्हा मोजले नाहीत. नियमाप्रमाणे तिला या फेरीला नेता येत नाही.”

“आता सांगता? इथं उभं करून?”

“हो. आता सांगते. आधी सांगायला हवं होतं.”

“आमच्या घरात बाया नवव्या महिन्यापर्यंत शेतात जात होत्या.”

“शेतातून दवाखान्यात जाता येतं काका. समुद्रातून नाही.”

ते सुनेकडे वळले. “पोरी, तुला काय वाटतंय?”

वैष्णवीने खाली बघितलं. “तुम्ही म्हणाल तसं, मामा.”

मला तिचा राग आला आणि लगेच गेला. पंचवीस वर्षांची मुलगी, भोवती सासरची आठ माणसं, साठीचा सोहळा. ती आणखी काय म्हणणार होती?

“काका, तिला काय वाटतं याचा प्रश्नच नाही,” मी म्हटलं. “बोटीचा नियम आहे. मी सुपरवायझरला सांगायला चालले.”

आणि गेले. मागून ओमकार म्हणत होता, “या बाईला लई घाई झालीय.”

सुपरवायझर तरुण होता. त्याने फाइल बघितली, कॅलेंडर बघितलं आणि एकच वाक्य बोलला, “सॉरी मॅडम, नाही होणार.” मला हायसं वाटलं. आता निर्णय माझा राहिला नव्हता.

पुढची अडचण बॅगेची. वैष्णवीची मोठी बॅग टॅग लागून आत गेली होती आणि तिच्या गोळ्या त्यातच होत्या. हातातल्या पिशवीत ठेवा, असं मी सांगितलं होतं, पण घाईत राहून गेलं. बॅग शोधून परत आणायला तास लागला. तोपर्यंत ते सगळं कुटुंब भिंतीशी खुर्च्यांवर बसून होतं. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. लातूरहून आलेली गंगाधररावांची मुलगी तेवढी पोरांना बिस्किटं वाटत होती.

वैष्णवीसोबत कोण थांबणार, हे ठरत नव्हतं. ओमकार म्हणाला, हिच्या मावशीचं घर ठाण्याला आहे, मी सोडून येतो. त्याला सांगावं लागलं, की बोट अशी थांबत नाही. सुटायच्या तासभर आधी चेक-इन बंद होतं. मग मागे राहिलेल्याने मागेच राहायचं.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या शकुंतलाबाई, म्हणजे गंगाधररावांच्या पत्नी, उठल्या. “मी राहते. ओमकार, तू पण रहा. बायको तुझी हाय.”

“अगं, साठी माझी हाय!” गंगाधरराव म्हणाले.

“मग करा ना. केक कापायला नवरा-बायको दोघं लागतात होय?”

बॅग आली तेव्हा ती ओळखायला शकुंतलाबाई माझ्यासोबत काउंटरपर्यंत आल्या. चालता चालता, ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही बोललात. आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी बोलले असते तर सासू सुनेवर जळती म्हणले असते.”

“काकू, तुम्ही मला आधी फोन करायचा.”

“तुमचा नंबर ओमकारकडं हाय. माझ्याकडं कुठं?”

बोटीवर त्यांच्या घरचे सहाजण आणि मी गेलो. सुटण्याआधी मस्टर ड्रिल असते. संकटात कुठे जमायचं त्याची ती तालीम. सगळ्यांना बंधनकारक. गंगाधरराव लाइफ जॅकेटकडे बघत तोंड पाडून उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा केक आला, डायनिंग हॉलमधल्या वेटरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी केक कापला आणि मला विचारलं, “फोन लागतो का इथून?” मी माझ्या वाय-फाय पॅकेजवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. चित्र सारखं अडकत होतं. ठाण्याच्या घरात तिघं शिरा खात होते. गंगाधरराव एवढंच म्हणाले, “बरं हाय ना सगळं?” पलीकडून शकुंतलाबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचं बीपी वाढलं. बोट हलत होती आणि जेवण पोटात टिकत नव्हतं. मी त्यांना खालच्या डेकवरच्या मेडिकल सेंटरमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, पडून राहायला सांगितलं. गंगाधरराव पडल्या पडल्या खोली बघत होते. चार बेड, एक मॉनिटर, औषधांचं कपाट, ऑक्सिजन.

“यांना विचारा,” ते मला म्हणाले, “इथं बाळंतपण होतंय का?”

मी विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, “ते होऊ नये म्हणून तर नियम आहे. आणि बाळ वेळेआधी आलं तर इथे आम्ही फक्त प्रार्थना करू शकतो.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. “एवढंच हाय होय,” गंगाधरराव म्हणाले. बस. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत.

वैष्णवीला पूर्ण दिवसांनी नांदेडला मुलगी झाली. मधे काही झालं नाही. ना त्या पाच दिवसांत, ना नंतर. म्हणजे ती बोटीवर आली असती तरी बहुतेक काही झालं नसतं. ओमकार हे मला फोनवर म्हणालाच, “बघा मॅडम, उगंच अडवलं.” मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार? अघटित टळलं की मग ते खरंच घडणार होतं का, हे कोणालाच दाखवता येत नाही. पुढच्या वर्षी ते लोक दुसऱ्या एजंटकडून दुबईला गेले.

मी माझ्या ऑफिसात दोन गोष्टी बदलल्या. क्रूझचे नियम आता मराठीत छापून देते, आणि आठवडे मोजताना बोट परत येईल त्या दिवशीचे मोजते. तारीख बदलली की पुन्हा मोजते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तब्येतीचे प्रश्न आता बुकिंग करणाऱ्या माणसाला विचारत नाही. ज्याची तब्येत त्यालाच फोन लावते, घरातल्या बायकांचे नंबर वेगळे घेते. कधीकधी नवरे म्हणतात, मला विचारा ना, मी सांगतो. मी म्हणते, कंपनीचा नियम आहे. तसा नियम कुठल्याच कंपनीचा नाही. तो मीच केलाय.

लोक क्रूझच्या नियमांना वैतागतात. हे नको, ते नको, इथे सही, तिथे सही. मीही वैतागायची. आता वाटतं, काही माणसांना आपल्या घरात नाही म्हणता येत नाही. त्यांच्या वतीने कोणीतरी नाही म्हणावं लागतं. नियम ते म्हणतो आणि शिव्या खातो. तो नीट वाचला गेला नाही, तर त्या शिव्या एजंटने खाव्यात. शिव्या खायचं कमिशन मिळत नाही.