पाच केसर आणि एक जास्तीची गाठ

फालेसी नाखुम्वाने एकतीस वर्षं एकच काम केलं. म्लांजे डोंगराच्या पायथ्याशी जंगलखात्याचं एक छोटं हर्बेरियम होतं. लोकांनी आणलेली वाळकी झाडं तिथे जाड कागदावर डिंकाने चिकटवायची, देठ दणकट असेल तर दोऱ्याने टाके घालायचे, कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर झाडाचं नाव काय लिहायचं ते डॉक्टर ठरवत. डॉक्टर बदलत गेले, ती राहिली.

या वर्षी मात्र तिचं अंग चालेना. नवऱ्याला, लायटनला, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. पहाटे त्याला उचलायचं, धुवायचं, मक्याची पेज भरवायची, दारात खुर्चीवर बसवायचं आणि मग चहाच्या मळ्यांतून पाऊण तास चालत कामावर यायचं. कामावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा आणि डिंकाचा ब्रश हातातच वाळून जायचा.

एप्रिलच्या शेवटी डोंगरावरच्या पठारावरून एक गठ्ठा आला. तिथली दलदल चर खणून सुकवायची आणि पाहुण्यांसाठी घरं बांधायची असं ठरत होतं. त्याआधी तिथे काय काय उगवतं याची यादी शुक्रवारपर्यंत द्यायची होती. डॉक्टर चिकाओंडा तरुण होते, माणूस सज्जन, पण कामाखाली पार दबलेले. त्यांनी दोन दिवसांत सव्वाशे झाडांना नावं दिली होती.

मंगळवारी फालेसीच्या हातात बोटभर उंचीचं एक रोप आलं. सुईसारखी पानं, समोरासमोर जोडीने. टोकाला एकच पिवळं फूल, चुरगळलेलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्या भागात कुठेही दिसणाऱ्या हायपेरिकमचं नाव होतं. ती डिंक लावायला गेली आणि फूल तुटून तिच्या बोटाला चिकटलं. आता पाकळ्या विखुरतील म्हणून तिने श्वास धरला. पण एकही पाकळी सुटली नाही. सगळं फूल टोपीसारखं एकसंध राहिलं.

तिने पेल्यात उकळतं पाणी घेतलं आणि फूल त्यात टाकलं.

"मावशी, हे काय? फुलाचा चहा?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

"तुमचं नाव चुकलंय, डॉक्टर."

"कुठलं? ते पिवळं? अहो, ते दलदलीत पैशाला पासरी मिळतं."

"मिळतं ना. त्याला केसर मूठभर असतात. इथे मोजा. पाचच आहेत."

"जुनं फूल आहे. गळले असतील."

"गळले तर खुणा राहतात. आणि या पाकळ्या खाली एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्या कुणी शिवल्या? मी तर नाही शिवल्या."

डॉक्टरांना हसू आलं. ते भिंगावर वाकले. फूल भिजून मऊ झालं होतं. फालेसीने सुईने पाकळ्यांची नळी उभी चिरली. मधोमध स्त्रीकेसराची दांडी होती. टोकाला जिथे पराग चिकटतात ती गाठ होतीच, पण दांडीच्या मध्यावर तशीच आणखी एक गाठ होती, थोडी फुगीर.

"दुसरी गाठ," ती म्हणाली. "चौथ्या कपाटात खालच्या फळीवर सेबाया आहेत, त्यांना असते ही." सेबाया म्हणजे आपल्या काडेचिराइताच्याच कुळातली.

डॉक्टर स्वतः जाऊन ते कागद घेऊन आले. तीन होते. तिन्हींची पानं रुंद, फुलं घोसाने. यातलं एकही जुळेना.

"कुळ तुम्ही म्हणता तेच," डॉक्टर खुर्चीत टेकत म्हणाले. "पण मावशी, रोप एकच, त्यालाही मुळं नाहीत, आणि ताजं फूल कुणी पाहिलेलं नाही. एवढ्यावर मी काय लिहू?"

"मग कुणाला तरी वर पाठवा."

"कुणाला? गाडीत डिझेल नाही. ज्यांनी हे आणलं ते राजधानीला परत गेले."

संध्याकाळी तिने लायटनला हे सांगितलं आणि मीच वर जाऊन येऊ का, असं विचारलं. खरं तर तो "नको जाऊस" म्हणेल अशी तिला आशा होती.

"जा की," तो म्हणाला. "मी कुठे पळून जाणार आहे?"

गुरुवारी पहाटे त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या आणि उकडलेली रताळी ठेवून ती निघाली. चढ तीन तासांचा, तिला साडेचार लागले. गुडघ्यांतून कळा येत होत्या. वरून देवदाराच्या फळ्या डोक्यावर घेतलेले लोक अनवाणी उतरत होते. त्यातला एक ओरडला, "आजी, वर लग्न आहे काय कुणाचं?"

"तुझंच रे! नवरी पसंत करायला चाललेय."

पठारावर चिपेरोनीचं, थंडीच्या वाऱ्याबरोबर येणारं गार, ओलं धुकं उतरलं होतं. दलदलीत लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या. रोपं सापडली, पण सगळी फुलं मिटलेली. या कुळातली फुलं उन्हाशिवाय उघडत नाहीत हे तिला ठाऊक होतं. ती एका खडकावर बसली, चादर डोक्यावरून घेतली आणि बसल्या जागी झोपली.

मानेवर ऊब लागली तेव्हा ती जागी झाली. ऊन पडलं होतं आणि गवतात सगळीकडे पिवळे ठिपके उघडले होते. तिने एक्केचाळीसपर्यंत मोजले, पुढे गोंधळ झाला म्हणून सोडून दिलं. पालथी पडून तिने भिंग लावलं. पाच पाकळ्या, पाच केसर, दांडीवर दोन गाठी. मधली गाठ ओलसर चमकत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. झाला नाही. तिथेच पडून राहावं, कुणी उठवू नये, एवढंच मनात आलं. मग तिने तीन रोपं मुळांसकट काढली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवली आणि उतरायला लागली.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. खुर्ची आडवी पडलेली आणि लायटन जमिनीवर. तांब्या घ्यायला वाकताना दुपारीच पडला होता. कपडे ओले झाले होते.

"मी नाही पळालो," तो म्हणाला. "खुर्ची पळाली."

त्याच्या काखेत हात घालून तिने ओढलं. हातांत जोरच उरला नव्हता. पुन्हा ओढलं. मग तीही तिथेच, त्याच्या शेजारी, मातीवर आडवी झाली.

"सापडलं का?" त्याने विचारलं.

"सापडलं."

"मग झालं तर. जरा पड. मग उचल मला."

शुक्रवारी यादीत सेबाया लिहिलं गेलं, पुढे 'प्रजात अनिश्चित'. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी गोळा करणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलं आणि विचारलं, "क्रमांक काय?"

"कसला?"

"गोळा करणारा आपल्या पहिल्या झाडापासून आकडे घालतो, मावशी. तुम्ही हजारो लिहिलेले पाहिलेत."

"ते दुसऱ्यांचे," ती म्हणाली. "घाला मग, एक."

यादीमुळे काम थांबलं नाही. चर थोडा वाकवून खणला, एवढंच. निम्मी दलदल सुकली, निम्मी राहिली. एक रोप परदेशातल्या जाणकारांकडे पाठवलं होतं, ऑगस्टमध्ये त्यांचं पत्र आलं. ही प्रजात आधीच माहीत असलेली, उत्तरेकडच्या एका डोंगरावरची. म्लांजेवर मात्र आजवर कुणाला मिळाली नव्हती.

"म्हणजे नवीन नाही ना?" फालेसीने विचारलं.

"नाही," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले.

"बरं झालं. नवीन असती तर लोक बघायला आले असते, आणि वाट दाखवायला पुन्हा मीच." मग तिने डिंकाचा ब्रश खाली ठेवला. "डॉक्टर, मला दोन दिवस रजा पाहिजे."

"लायटनबाबांना दवाखान्यात न्यायचंय का?"

"नाही. मला झोपायचंय."

त्यांनी लगेच सही केली. घरी जाऊन तिने दारातच, लायटनच्या खुर्चीपाशी, चटई अंथरली. तो डाव्या हातातल्या फडक्याने तिच्या अंगावरच्या माश्या वारत राहिला, आणि आल्यागेल्याला हळू बोला म्हणून दटावत राहिला.