बायबल आणि भाटाची पोथी

माझ्या भावाशी मी आयुष्यात एकदाच पुराव्यानिशी भांडले आणि त्या भांडणात जिंकले. त्या जिंकण्याचा मला अजूनही संताप येतो.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, बाबांचा एकुलता मुलगा. दवनीवाड्याजवळ आमची धानाची शेती होती. भाऊ गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कारकुनी करायचा. देश स्वतंत्र झाल्यावर तीन-चार वर्षांत कधीतरी त्याला क्षय झाला आणि तो दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात सात महिने पडून राहिला. घरून त्याला भेटायला कोणी गेलं नाही. बाबा म्हणत, कापणी आटपू दे. कापणी आटपली तेव्हा मळणी निघाली, मळणी आटपली तेव्हा कोणाचं तरी लग्न निघालं. मी एकटी जाते म्हटलं, तर पोरीच्या जातीनं एकटीनं कुठं जायचं, असं ऐकवलं गेलं. शेवटी तो बरा होऊन स्वतःच घरी आला. काखेत काळ्या पुठ्ठ्याचं मराठी बायबल होतं, आणि पाणी पिऊन झाल्यावर तो पहिलं वाक्य हे बोलला की मी बाप्तिस्मा घेणार आहे.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"भाट येईपर्यंत सोड ते," ते म्हणाले. "नाई त त्याले तुझं नाव वाचू देनार नाई मी."

ही धमकी किती मोठी होती ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमचे पूर्वज माळव्यातून आले. त्यांच्या मागोमाग आलेले भाट तीन-चार वर्षांतून एकदा, मळण्या उरकल्यावर, गावोगाव फिरत. लाल कापडात बांधलेली लांबट पोथी उघडून सगळ्या भाऊकीसमोर पिढ्या वाचत. ज्याचं नाव वाचलं तो आपला. ज्याचं वाचलं नाही त्याच्या घरी कोणी मुलगी देत नसे आणि मेल्यावर त्याला खांदाही देत नसे. सोयरीक ठरताना दोन्ही घरांचे भाट आपापल्या पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून नावं जुळवत. एक पिढी इकडची तिकडे झाली की पाहुणे न जेवता उठत. खरं असतं ते जुळतं आणि खोटं असतं ते जुळत नाही, ही आमच्याकडची समज. मलाही ती इतकी पक्की वाटायची की दुसरी काही कसोटी असू शकते हे डोक्यात आलं नव्हतं.

मी गोंदियाला मावशीकडे राहून सातवी पास झालेली. बाबांनी मला बोलावलं.

"कायले शिकवलं तुले एवढं? वाच ते पुस्तक. खोटं कुठं हाय ते काढ अन् दाखव त्याले."

भाऊनं पुस्तक आपणहून माझ्या हातात दिलं, वरून "वाच ना, चांगलं हाय" म्हणाला आणि गोंदियाजवळच्या कुडव्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. त्याच्या त्या शांतपणानं माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे त्याचं नाव पणाला लागलेलं आणि हा मला वाचायला शुभेच्छा देतो!

मी दोन महिने वाचलं. धान उन्हात घालताना, कोंबड्या हाकलताना, चुलीजवळ. त्यातलं मराठी कोणाच्या घरी बोलतात देव जाणे. पण येशूची कथा जिथं सुरू होते तिथं पहिल्याच पानावर नावांची यादी निघाली. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा तमका. मी हरखलेच. ही तर पोथी! म्हणजे हे काम मला येतं. पुढे तीच कथा सांगणाऱ्या तिसऱ्या पुस्तकात तीच यादी पुन्हा आली आणि मी आमच्या पद्धतीप्रमाणे दोन्ही याद्या पाटीवर शेजारी-शेजारी लिहून काढल्या. जुळेनात. येशूच्या बापाचा बाप एका यादीत एक, दुसरीत दुसराच. मधल्या कित्येक पिढ्या वेगळ्या. चार जणांनी एकाच माणसाची गोष्ट सांगितलेली, आणि आजा कोण यावर त्यांचं एकमत नाही! पुढे, मेलेला येशू पुन्हा उठला त्या सकाळी त्याच्या थडग्यापाशी कोण गेलं यातही तेच. एकानं एक बाई सांगितली, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन. देवदूत कुठे एक, कुठे दोन.

मी पाटी घेऊन बाबांकडे धावले. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तसा तो त्यांनी त्याआधी कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रेंगीला बैल जुंपवले आणि मायनं बांधून दिलेली जवसाची चटणी घेऊन मी कुडव्याला निघाले. वाटभर पाटी मांडीवर धरून बसले होते, अक्षरं पुसू नयेत म्हणून.

भाऊनं पाटी पाहिली. दोन्ही याद्यांवरून बोट फिरवलं.

"हो. नाई जुळत."

"तुले ठाऊक होतं?"

"मी बी वाचलं ना ते."

"मंग कायले धरून राहिला?"

"पादरी म्हनते, एक यादी बापाकडची, एक मायकडची."

"मंग तसं लिहाले हात दुखत होते का त्यायचे?"

तो हसला. मी एवढी तयारी करून आलेली आणि हा हसतो. मी थडग्यावरच्या बायका काढल्या, देवदूत काढले. असे साक्षीदार पंचायतीत कोणी उभेसुद्धा करून घेतले नसते, म्हटलं.

"मामाच्या घराले आग लागली तवा तू, माय अन् मामी, तिघी होत्या," तो म्हणाला. "तिघीयले विचार, पयले कोन धावलं. तीन गोष्टी निघतीन. मंग आग लागलीच नाई का?"

"आग लागली हे मी जळलेलं घर पाहून सांगून राहिली. तुझं जळलेलं घर कुठं हाय?"

हा माझा टोला बरोबर बसला. तो चटणीची पुरचुंडी सोडत म्हणाला, "पन एक सांग. खोटंच रचाचं असतं त बायायले साक्षीले कोन उभं करते? त्या काळात बाईचा शब्द कोन मानत होतं? चांगले चार पुरुष उभे केले असते. आपल्या इथं तरी कोन विचारते बाईले?"

मी जास्तच चिडले. लिहिणारे लबाड नसतील, पण चुकले नसतील कशावरून? पाहिलं त्यांनी की ऐकलं? ऐकलं तर कोणाकडून? मी विचारत राहिले आणि तो प्रत्येक प्रश्नाला "खरं हाय तुझं" म्हणत राहिला. भिंतीशी भांडलं तरी निदान हात दुखतो. शेवटी मला रडूच कोसळलं.

"भाट येऊन राहिला, भाऊ. तुझं नाव..."

"वाचू दे नाई त नको वाचू दे. मले काय त्याचं?"

हे तो इतक्या चटकन बोलला की मी ते खरं मानलं. एवढं मोठं पुस्तक ओळीओळीनं तपासलं, पण स्वतःच्या भावाचं एक वाक्य तपासायचं मला सुचलं नाही.

भाट आला त्या दिवशी अंगण सारवलं होतं, पिठाच्या रांगोळीचा चौक भरला होता. पुरुष घोंगड्यांवर बसलेले, आम्ही बायका दाराआड. भाट गाऊन वाचायचा, त्याच्या तिकडच्या हिंदीत. लहानपणापासून ऐकलेलं, पण या वेळी माझे कान निराळे झाले होते. दोन महिने दुसऱ्यांच्या पुस्तकात खोट शोधत बसल्यावर ती सवय काय अशी एका दिवसात जाते? भाटाच्या पोथीतला प्रत्येक पूर्वज शूर होता, दानी होता. कोणी कधी भ्यायला नव्हता, आजारी पडला नव्हता, कोणाला भेटायला जायचं राहून गेलं नव्हतं. मग बाबांच्या आजोबांची पिढी आली आणि मी दचकले. त्यांना एक धाकटा भाऊ होता. देवरीकडच्या जंगलात गेला, तिथल्या गोंड बाईशी संसार केला आणि परत आला नाही. माय धान कांडताना ही गोष्ट कितीदा सांगायची. पोथीत तो नव्हताच. इतक्या वेळा वाचन ऐकलं, पण कोण नाही तिकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. आणि तरी ही पोथी प्रत्येक सोयरिकीत जुळत आली होती! जुळणारच. दोन्हीकडच्या पोथ्या एकाच घराण्यातल्या भाटांनी लिहिलेल्या. काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं.

म्हणजे माझी कसोटीच खोटी होती. भाऊचं पुस्तक खरं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण जुळत नाही म्हणून ते खोटं, हे मी ज्या जोरात सांगितलं होतं, तो जोर साफ उतरला. दाराआड उभी राहून मी स्वतःवर चरफडत होते. कुडव्याला जाण्याआधी कळलं असतं तर?

भाट बाबांच्या नावापर्यंत आला. "और उनके पुत्र..." म्हणाला आणि बाबांनी हात वर केला.

काका उठले. "अरे, एकुलता पोरगा हाय. एका पुस्तकापायी आपलाच वंश तोडून राहिला का?"

"ते पुस्तक खोटं हाय," बाबा म्हणाले. "माझ्या पोरीनं वाचलं ते सारं. ये बाई, बाहेर ये. सांग साऱ्यायले."

सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले. त्या अंगणात भाऊकीसमोर कुठल्याही बाईला कधी काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. पोथीत आमची नावंसुद्धा लिहीत नसत. मला विचारता आलं असतं, देवरीला गेलेला तो कुठं आहे तुमच्या पोथीत? तोंडाशी आलंही होतं. पण बाबा माझ्याकडे अभिमानानं बघत होते. पाठीवरचा तो हात मला पुन्हा हवा होता.

"जुळत नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतंच ते. काका बसले. भाटानं बाबांकडे पाहिलं.

"जजमान, आगे?"

"आगे कुछ नहीं."

त्यानं पोथी लाल कापडात गुंडाळली. आमचं घर बाबांच्या नावावर संपलं. माय चुलीशी बसली होती आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. माझ्याशी तर कितीतरी दिवस बोलली नाही.

भाऊ त्याच महिन्यात त्या मिशनच्या दवाखान्यात नोकरीला लागून निघून गेला. काही आठवड्यांनी माझ्या नावानं त्याचं पत्र आलं. हवा चांगली आहे, तब्येत चांगली आहे, असं पानभर. अगदी खाली, बारीक अक्षरात, भाट आला होता का? माझं नाव वाचलं का?

मला इतका राग आला की पत्र चुलीत घालावंसं वाटलं. मले काय त्याचं म्हणणारा हाच ना? तेव्हाच का नाही सांगितलं? रडला असता, माझ्यावर ओरडला असता, तर मी अंगणात वेगळं बोलले असते. बोलले असते का? माहीत नाही. मी दौत-टाक घेतलं आणि लिहिलं की वाचलं. बाबांनी हात वर केला होता, पण काका उठून बोलले आणि बाबांनी हात खाली घेतला. भाटानं तुझं नाव दोनदा गायलं. माय दारातून ऐकत होती, तिनं पदरानं डोळे पुसले. तू मात्र इतक्यात येऊ नकोस, बाबांचा राग निवळू दे. खोटं लिहायला लागलं की बारीकसारीक तपशील आपोआप सुचतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यावर त्यानं उलट काही विचारलं नाही. एवढी प्रश्न विचारणारी त्याची बहीण, पण तिचं लिहिलेलं त्यानं एका वाचनात खरं मानलं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी मी नवऱ्याबरोबर त्याच्याकडे गेले. बाबा तेव्हाही होते आणि त्यांचा राग निवळला नव्हता. भाऊचे केस पांढरे व्हायला लागले होते. फळीवर तेच काळ्या पुठ्ठ्याचं बायबल होतं. माझा हात सवयीनं तिकडे गेला. ते आपणहून नावांच्या यादीवर उघडलं, कारण त्या पानात एक कागद होता. घड्यांवर झिजलेला, माझ्या अक्षरातला.

"पुस्तकाशी भांडाचं असन त खुशाल भांड," भाऊ हसत म्हणाला. "त्यातलं काय खरं न् काय नाई, मले बी सारं कुठं ठाऊक हाय? पन त्या कागदाले हात नको लावू. ते पक्कं खरं हाय. तू सोता तिथं होती, सोताच्या कानानं ऐकलं अन् लिहिलं."

मी कागद होता तसा ठेवला आणि पुस्तक मिटलं. त्यानं विचारलं, जेवशील ना? मी हो म्हटलं.