रविवारच्या दवाखान्यातली माया

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार-पाच माणसं दर रविवारी दुपारी एकाच बाकावर बसली, की ते आपोआप साचतात. आमचा बाक अंधेरीला, डॉक्टरांच्या दवाखान्यात होता. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. रविवारी पेशंट नसायचे, म्हणून तिथे आमचं वाचन चालायचं. डॉक्टर, त्यांच्या पत्नी माई, इतिहासाचे मास्तर, कारखान्यात फिटर असलेले सावंत आणि मुलींच्या शाळेत शिकवणारी मी. मास्तरांच्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लागलं, आणि वर्षभर आम्ही मेक्सिकोच्या आसपासच राहिलो.

*

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी दारावर पाटी लावली : 'आज माया संस्कृती'. शेजारच्या काकू जपमाळ घेऊन वेळेआधीच येऊन बसल्या. मायेवर प्रवचन आहे असं त्यांना वाटलं होतं, आणि खरं सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

मास्तरांनी मेक्सिकोकडच्या माया लोकांची रानातली दगडी देवळं सांगितली, ताऱ्यांवरून मांडलेलं पंचांग सांगितलं, शून्याची खूण सांगितली. देवांनी माणसं मक्याच्या पिठाची घडवली, असं ते लोक मानायचे, हेही सांगितलं.

उठताना काकूंनी हात जोडले. "फारसं कळलं नाही हो. पण देव चांगला वाटला. आधी पीठ मळतो, मग माणूस करतो."

पुढच्या रविवारी त्या भाजलेली कणसं घेऊन आल्या.

*

मेक्सिकोत जमिनीखाली मातीची छोटी जनावरं सापडली होती, पायांना चाकं लावलेली. गाडी मात्र एकही नाही. मास्तर कारणं सांगू लागले : ओढायला बैल नव्हते, घोडे नव्हते, वाटा डोंगराळ.

"म्हणजे चाक त्यांनी फक्त पोरांसाठी केलं," माई म्हणाल्या.

"ती पूजेचीही असतील, माई. असं एकदम इतिहासात म्हणता येत नाही."

"मग तुम्ही म्हणू नका. मी म्हणते."

डॉक्टर-माईंना मूल नव्हतं. मास्तरांनी वाद तिथेच सोडला आणि पान उलटलं.

*

माया लोक कोको बिनसाखरेचा, मिरची घालून प्यायचे. हे कळल्यावर माईंनी डब्यातला कोको उकळला आणि त्यात लाल तिखट टाकलं. पहिल्याच घोटाला आमची वाट लागली. मास्तरांनी मात्र कप रिकामा करून पुढे केला. "अजून आहे?"

ते गेल्यावर माई म्हणाल्या, "त्यांच्या कपात तिखटाऐवजी गूळ होता. आठवडाभर खोकताहेत बिचारे."

मास्तर पुढे सगळ्यांना सांगत राहिले, की ती मूळची चव कळायला अभ्यास लागतो.

*

अझ्टेक लोक उत्तरेकडून भटकत आले. त्यांना कुणी जवळ टिकू देईना. शेवटी तळ्यातल्या एका बेटावर, देवाने खूण म्हणून सांगितलेला, निवडुंगावर बसलेला गरुड दिसला, आणि तिथेच त्यांनी चिखल उपसून शेतं केली, मोठं शहर वसवलं.

डॉक्टर हसले. "आम्ही इथे आलो तेव्हाही चिखलच होता. फक्त गरुडाऐवजी डास होते."

"तरी राहिलोच ना," माई म्हणाल्या.

*

सावंत मालवणकडचे. बोलायचे कमी. बायको बाळंतपणात गेली होती, मुलगी वाचली. ती आता सात वर्षांची होती. आई कशी गेली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं की सावंत विषय बदलायचे.

एकदा मास्तर अझ्टेकांचं वाचत होते. लढाईत पडलेले वीर सूर्याला सकाळपासून माथ्यावर आणतात. तिथून मावळेपर्यंत त्याला सांभाळून नेतात त्या बाळंतपणात गेलेल्या बायका. त्यांचा मान वीरांइतकाच.

वाचता वाचता मास्तरांच्या लक्षात आलं आणि ते थांबले.

"परत वाचा," सावंत म्हणाले.

मास्तरांनी परत वाचलं.

पुढच्या रविवारी सावंत पहिल्यांदाच मुलीला घेऊन आले. दोन वेण्या, नवा फ्रॉक. माईंनी तिला लाडू दिला. ऊन कलू लागलं तसे सावंत उठले.

"आज लवकर?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पोचायचंय, सूर्य बुडायच्या आत," सावंत म्हणाले. मग मुलीचा हात धरला. "चल गो बाय. तुका आई दाखवतंय."