समज देऊन सोडतील

माझे सासरे विदर्भातल्या एका नगरपालिकेत, आरोग्य विभागात, आयुष्यभर नोकरीला होते. तुंबलेल्या नाल्या, डास, उघड्यावरची मिठाई, लग्नातले भोंगे, रस्त्यावर आलेले ओटे, सगळ्यांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर यायच्या. दोन हजार चार साली ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, शिकागोजवळच्या उपनगरात, आणि पहिल्यांदाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आले. ते पूर्ण खरं नाही.

सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. नवरा आणि मी दोघंही सकाळीच ऑफिसला निघायचो. आमची सात वर्षांची मुलगी शेजारणीकडे असायची. शेजारीण मूळची पोलंडची, साठीची, एकटी राहणारी. ती घरीच मुलं सांभाळायची, सुट्टीत दिवसभर आणि शाळा सुरू झाली की दुपारनंतर. सासऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "घरात आजोबा असताना पोर दुसऱ्याच्या दारात कशाला?"

"बाबा, तुम्ही नोव्हेंबरात परत जाल. जागा एकदा सोडली की पुन्हा मिळत नाही."

हे खरंच होतं. ते गप्प बसले. गप्प बसले म्हणजे पटलं, असं समजणं मला सोयीचं होतं.

मग एके दिवशी कोपऱ्यावर रस्त्यात रकून, मांजराएवढा एक रानटी प्राणी, मरून पडला. बाबांनी कुठल्याशा पत्रकावरून व्हिलेज हॉलचा नंबर शोधून काढला. आमच्या भागात अशा शहरवजा वस्तीला कागदोपत्री 'व्हिलेज' म्हणतात, याची त्यांना फार गंमत वाटायची. "एवढे रस्ते, एवढी घरं, आणि कारभार ग्रामपंचायतीचा!" संध्याकाळी मी घरी आले तर ते दारातच उभे.

"तासाभरात गाडी आली. हातमोजे घालून उचललं. वरून फोन घेणाऱ्या बाईनं मला उलटा फोन केला, काम झालं म्हणून. सर म्हणाली मला."

"बरं झालं की."

"बरं काय? आमच्याकडे तक्रारीची नुसती पोच मिळवायला माणसाला चार खेपा घालाव्या लागत. मीच घालायला लावायचो."

ते मनापासून हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग पावसाच्या पाण्याची तुंबलेली जाळी झाली, स्टॉपच्या पाटीवर आलेली फांदी झाली, रविवारी भल्या सकाळी पानं उडवायचं यंत्र लावणारा माणूस झाला. प्रत्येक वेळी कोणीतरी आलं, पाहिलं आणि काम करून गेलं. मराठी मंडळाच्या पॉटलकला, घरून एकेक पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, मी हे सगळं रंगवून सांगितलं. एक काकू म्हणाल्या, "महिनाभर आमच्याकडे पाठव गं त्यांना, आमच्या समोरच्याचं कुत्रं फार भुंकतं." सगळे हसले. बाबांना उद्योग मिळाला होता आणि मला सुटल्यासारखं झालं होतं.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मी गाडी लावत होते. शेजारणीच्या दारावर नारिंगी कागद चिकटवलेला दिसला. ती अंगणात उभी होती, आणि मुलांचा प्लास्टिकचा हौद गवतावर पालथा पडला होता. व्हिलेजचा इन्स्पेक्टर येऊन गेला होता. हौदाच्या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या. मुलं न्यायला येणाऱ्या गाड्या वळणावर, आगीच्या बंबासाठी ठेवलेल्या जागेत थांबतात. मुलांचा आवाज फार होतो. आणि हे सगळं बघायला आला तेव्हा त्यानं मुलं मोजली, ती आठ निघाली. घरात एवढी मुलं ठेवायला परवानगी लागते, ती तिच्याकडे नव्हती. आता सुनावणी होणार होती, आणि सुनावणीत परवानगी नाकारली तर तिचं काम बंद.

साचलेलं पाणी, डास, आवाज, रस्ता. ही यादी मला ओळखीची होती. मी घरात गेले.

"बाबा, तुम्ही फोन केला होता?"

"केला." ते भाजी निवडत होते. "अळ्या होत्या पाण्यात. मी स्वतः पाहिल्या. टीव्हीवर रोज डासांनी होणाऱ्या त्या वेस्ट नाईल तापाचं सांगतात, आणि आपलीच पोर त्यात पाय बुडवून बसते."

"मग तिला सांगायचं ना! कुंपणापलीकडे तर राहते."

"तोंडी सांगून कोण ऐकतं? साहेब येतो, पाहणी करतो, समज देऊन सोडतो. माणूस सुधारतो. कोणाचा धंदा बसत नाही."

"आणि गाड्या? आवाज? ते कशाला सांगितलंत?"

"तक्रार करताना सगळंच घालायचं असतं. दहा गोष्टी घातल्या की एकीची दखल घेतात."

"इथे दहांचीही घेतात, बाबा."

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "आजोबा, डिड यू टेल ऑन हर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अर्थ सांगेन म्हणून. 'तिची चुगली केलीत का?' एवढाच अर्थ होता, पण मी सांगितला नाही. तशी गरजही नव्हती, कारण ते उठून आपल्या खोलीत गेले.

मी तशीच शेजारी गेले आणि सांगून टाकलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मला माहीत आहे," शेजारीण म्हणाली. "व्हिलेजवाले नाव सांगत नाहीत. पण तुझे सासरे कुंपणावरून काठी घालून माझ्या हौदाचं पाणी ढवळत होते, ते मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला करमत नसेल."

"त्यांना वाटलं, नुसतं सांगून सोडून देतील."

"कोण सोडून देतं?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

सुनावणी सप्टेंबरच्या अखेरीस होती. बाबांनी निवृत्तीच्या समारंभात मिळालेला कोट काढला. "तक्रारदारानंच तक्रार मागे घेतली की फाईल बंद. ऑफिस कुठलंही असो." नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "यार, त्यांना सांग ना, तिथे बोलू नका म्हणून." मी म्हटलं, "वडील कोणाचे आहेत?" शेवटी दोघांनीही सांगितलं नाही.

व्हिलेज हॉलमध्ये आमच्या गल्लीतले बरेच लोक आले होते. शेजारीण पुढच्या रांगेत होती. लोकांनी बोलायची वेळ आली तसे बाबा सर्वांत आधी उठून माइकपाशी गेले.

"सर, आय अ‍ॅम द कम्प्लेनंट. आय विथड्रॉ माय कम्प्लेंट. अनकंडिशनली."

तक्रार कोणी केली, हे गल्लीला तोवर माहीत नव्हतं. आता झालं. अध्यक्ष सभ्य माणूस होता. त्यानं आभार मानले आणि समजावून सांगितलं, की आता प्रश्न तक्रारीचा राहिलेला नाही. आमच्या माणसानं जे पाहिलं, ते आमच्यापुढे आहे. त्यावर आम्हाला निर्णय द्यावाच लागेल.

"सर, आय वॉज इन द सेम डिपार्टमेंट," बाबा म्हणाले. "वुई ऑल्सो सॉ मेनी थिंग्ज. अँड देन वुई…" पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. त्यांनी उजवा तळवा समोरच्या लाकडी फळीवर ठेवला आणि हळूहळू दाबला.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा शांत राहा म्हणतोय. मला आणि नवऱ्याला मात्र कळलं. माझ्या सासऱ्यांनी भर सभेत अमेरिकन अधिकाऱ्यांना फाईल दाबायला सांगितली होती, तीही हात जोडल्यासारख्या चेहऱ्यानं. ते परत यायला वळले तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी त्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. बाबा मागच्या रांगेत जाऊन बसले.

त्यानंतर समोरच्या घरातला माणूस उठला, रोज हात हलवून हाय म्हणणारा. विषय निघालाच आहे तर सांगतो, म्हणाला, त्या गाड्यांमुळे मला माझी गाडी काढता येत नाही. मग पलीकडची बाई उठली. ती रात्रपाळी करते, दुपारी झोपते, आणि मुलांच्या आवाजानं तिची झोप मोडते. इतकी वर्षं यांच्यातलं कोणीही एक शब्द बोललं नव्हतं. आम्ही दार उघडून दिलं होतं.

निर्णय असा झाला: हौद नाही, गाड्या फक्त तिच्या स्वतःच्या अंगणात लावायच्या, आणि मुलं जास्तीत जास्त सहा. काम बंद झालं नाही. पण दोन मुलं काढावी लागणार होती.

त्यातलं एक आमचं असायला हवं, हे मला गाडीतच कळलं होतं. बाबा घरी होते. मला त्या जागेची निदान दोन महिने तरी गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी ते सांगायलाच शेजारणीकडे गेले. वाक्य तयार होतं. पण दार उघडून ती आधी बोलली.

"तुझी मुलगी राहू दे. ती कोपऱ्यात बसून चित्रं काढते, तिचा आवाज नाही. ते दोघे भाऊ जातील. सगळ्यात जास्त गोंधळ त्यांचाच असतो."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी "थँक यू" म्हणाले. घरी येताना मी स्वतःला समजावलं, की निर्णय तिचा आहे, तिच्या कामात आपण किती ढवळाढवळ करायची? आणि नोव्हेंबर काही फार लांब नव्हता.

त्या भावांची आई वृद्धाश्रमात काम करायची, दुपारची पाळी. नवरा नव्हता. मी तिला मुलं सोडताना-नेताना पाहिलेली, तेवढीच ओळख. आठवडाभरानं ती मला किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटली. दोघं मुलं मागच्या सीटवर भांडत होती. सुनावणीला ती आली नव्हती, कामावर होती. त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं.

"तुझे सासरे दुपारी घरी असतात ना?" तिनं विचारलं. "शाळेच्या बसपाशी दिसतात. प्रेमळ वाटतात. मला दुसरी सोय मिळेपर्यंत माझ्या मुलांना दुपारी तुमच्याकडे बसू देतील का? मी अर्थात पैसे देईन."

"ते नोव्हेंबरात परत जाणार आहेत," मी म्हणाले.

"ओह," ती म्हणाली. "अर्थातच." आणि मलाच सॉरी म्हणून ती गाडीत बसली.

मी खोटं काहीच बोलले नव्हते. त्यांचं इंग्रजी तसलं, मुलं दांडगी, काही झालं तर ते आमच्या अंगाशी आलं असतं. कारणं माझ्याकडे भरपूर होती. ट्रॉली ढकलत परत गाडीपाशी येईपर्यंत सगळी मोजून झाली.

घरी हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलीनं सांगितलं. ते दोघे भाऊ आता शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसतात, त्यांची आई पाळीच्या मधल्या सुट्टीत पळत येते, आणि ऑफिसातल्या बाईनं परवा तिला सर्वांसमोर झापलं, असं ती जेवताना म्हणाली. बाबांनी घास खाली ठेवला.

"कोणते भाऊ?"

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं, पार्किंगमधल्या बोलण्यासकट. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, या वेळी माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला शेजारणीकडून काढलं. जागा त्या बाईला द्या म्हटलं. हवं तर दुसऱ्या मुलाला दुपारी बाबा बघतील. शेजारणीनं माझ्यासमोरच तिला फोन लावला. बोलणं लांबलं नाही.

"तिनं रात्रपाळी घेतली," शेजारीण फोन ठेवून म्हणाली. "मुलं शाळेतून आली की ती घरी असते, आणि रात्री ती दोघं एकटी झोपतात. पाळी आता पुढच्या वर्षापर्यंत बदलता येत नाही. थोडा उशीर झाला."

ती मला दोष देत नव्हती. इथले लोक असे दोष देत नाहीत, त्यामुळे काय उत्तर द्यायचं तेही कळत नाही. मी निघाले. तिनं मला हाक मारली.

"सासरे गेले की तुला लागेलच ना जागा? ठेवू का तुझ्यासाठी? तोवर दुसऱ्या कुणाला देत नाही."

मी पायरीवर उभी होते. आमच्या खिडकीत बाबा आणि मुलगी पत्ते मांडून बसलेले दिसत होते.

"हो," मी म्हणाले, "ठेवा." एवढं सांगायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.