जावेची गोधडी

मैत्रिणींनो, आज दिवसभर मी माझ्या धाकट्या जावेवर जळतेय, आणि तिनं माझं काहीच वाईट केलेलं नाही.

दसऱ्याचं घर आवरणं चाललंय. नको त्या वस्तू देऊन टाकल्या की मन हलकं होतं, असं महिनाभर व्हिडिओत ऐकत होते. म्हणून सकाळी शेजारच्या शांताबाईला बोलावलं. ती ऊसतोडीला निघालीय. जुन्या साड्या, डबे, पातेली, चांगली दोन पोती भरून दिली. "बरं वैनी," म्हणाली, बस्स.

तेवढ्यात जाऊ आतून गोधडी घेऊन आली. तिच्या आईनं शिवलेली, रोज अंगावर घ्यायची. म्हणाली, "ही पण न्या. फडावर थंडी लई असती."

शांताबाईनं गोधडी छातीशी धरली, जावेच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. माझ्या पोत्यांकडं बघितलंसुद्धा नाही.

कपाट माझं रिकामं झालं आणि हलकी जाऊ झाली. तेव्हापासून गुणगुणतीय नुसती.

मघाशी मीही पेटीतनं माझ्या आईची गोधडी काढली. दारापर्यंत नेली आणि तशीच माघारी आणून ठेवली.

खरं सांगा, तुमचा हात कोणत्या वस्तूपाशी अडतो?