डेनिसचं डावं

पडदा वर जातो तो उताराच्या रस्त्यावर. पिट्सबर्ग, एकोणीसशे एक्कावन्न, भर दुपार. एका बाजूला कार्माइनच्या बारची भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रामचे रूळ. मधल्या फुटपाथवर तळघराच्या लोखंडी झडपा सताड उघड्या. ट्रकवरून बियरची पिंपं उतरताहेत. उताराच्या पायथ्याशी आर्नो पिंकस उभा आहे, कॅमेरा पोटाशी, मान खाली घालून त्याच्या वरच्या काचेत बघत.

आर्नो टोप्यांच्या दुकानात कामाला होता. वाफेवर टोप्यांना आकार द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो रस्त्याचा. भांडणाऱ्या बायका, डुलक्या काढणारे मजूर, आमचं थिएटर बंद पडल्यावर त्याच्याच पायरीवर बसलेली मी, सगळ्यांचे त्यानं फोटो काढले. "डॉली, इकडे बघू नकोस गं," एवढंच म्हणायचा. फोटो धुऊन आला की ज्याचा त्याला देऊन टाकायचा.

त्या दिवशी वरून डेनिस येत होता. आंधळा डेनिस, कोपऱ्यावर पेपर विकणारा. त्याच्या पाठीमागे एक भरलेलं पिंप ट्रकवरून निसटलं आणि गडगडत सुटलं.

आवाज ऐकून डेनिस थबकला. काठी पुढे केली. काठीला जमीनच लागेना, पुढे तळघराचं उघडं तोंड होतं.

"उजवीकडे, डेनिस, उजवीकडे!" खालून लोक ओरडले.

"डावीकडे, अरे डावीकडे!" वरून ट्रकवाला.

"कुणाचं डावं, गाढवांनो?" डेनिस किंचाळला.

शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा नटीचा आवाज माझा, पण कुठलं डावं ओरडू ते मलाच कळेना. डेनिसच्या उजव्या हाताच्या रुळांवरून ट्राम येत होती.

तेवढ्यात आर्नो बोलला, जेवायला हाक मारावी इतक्या शांतपणे. "डेनिस, मी आर्नो. डावीकडे हो. भिंतीला चिकट."

डेनिसनं स्वतःला डावीकडे झोकून दिलं. पिंप त्याच्या कोटाला घासून तळघरात कोसळलं.

कार्माइन बाहेर धावला आणि त्यानं आर्नोची कॉलर धरली. "माणूस मरत होता! मान तरी वर केलीस का? त्या डबड्यातच डोकं खुपसून!"

 आर्नोनं कॅमेरा कार्माइनपुढे धरला. "आत बघ."

कार्माइननं वाकून पाहिलं. मीही डोकावले. काचेत डावं-उजवं उलटं दिसत होतं: आमच्या उजवीकडची भिंत डावीकडे, रूळ उजवीकडे. वरून खाली येणाऱ्या डेनिसला होतं अगदी तसंच.

"मान वर केली असती," आर्नो म्हणाला, "तर मीपण उजवीकडेच म्हणालो असतो."