मधल्या खोलीतलं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, एवढं सासरच्यांनाही मान्य होतं. मी आणखी पुढे गेले. शिंदखेड्याजवळच्या आमच्या घरात, मधल्या खोलीतच मला बाळंत व्हायचं होतं. माझा जन्म तिथलाच. खाटेवर माय, पायाशी दाई, ही गोष्ट माय किती हौसेने सांगायची. आता तर गावात शिकलेली नर्सबाई होती आणि ती यायला तयार होती. सगळे रिपोर्ट चांगले होते. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलंच, "सगळं नॉर्मल आहे तर घरी का नको?"

"नॉर्मल होतं की नाही, ते नंतर कळतं," त्या म्हणाल्या.

वाटलं, माय माझी बाजू घेईल. पण ती खाली मान घालून म्हणाली, "दवाखानामाच जाऊत." मी कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

दवाखान्यात सगळं चोख झालं, नाव ठेवायला जागा नाही. फक्त कळा वाढल्या तसं मायला दाराबाहेर थांबवलं. नर्स पाठीवरून हात फिरवत होती, पण मला तो हात नको होता. मी "माय वं" म्हणून ओरडत होते आणि माय एका दारापलीकडे होती. मुलगी झाली, ठणठणीत. काहीच अडचण आली नाही, आणि त्याचाच मला राग आला. म्हणजे घरी चाललं असतं की.

घरी आल्यावर मधल्या खोलीत माय बाळाला तेल लावत होती. मी मनातलं बोलून टाकलं, "तू पाहिजे व्हती माय. नुसता तुना हात पाहिजे व्हता."

तिचा हात थांबला नाही.

"तुना पहिले तुले एक भाऊ व्हता," ती म्हणाली. "याच खोलीमा. बठ्ठं बराबर व्हतं, काहीच अडचन नव्हती. पन तो रडनाच नही. दाईना बी इलाज चालना नही."

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

"तू आत वरडत व्हती ना, तोवर माले धीर व्हता. मंग ही रडनी, आनि मना जीव भांडामा पडना."

तिचं खरं होतं. तरी तो हात मला हवा होता. आजही हवा आहे.

तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. मी घ्यायला वाकले, तर मायने मला हातानेच अडवलं आणि थोडा वेळ तिला रडू दिलं.